निळ्या मखमलीवरची किल्ली

किल्लीकाकांच्या दुकानात एखादी किल्ली बिघडली, की ती आधी शिकंज्यात जायची, करवतीनं तिचे दोन तुकडे व्हायचे आणि मगच ते भंगारात पडायचे. तेही एका डब्यात नाही. डोक्याकडचा तुकडा एका डब्यात, दातांकडचा दुसऱ्या. वडिलांनी घालून दिलेला नियम होता तो. गिऱ्हाइकाला दोन किल्ल्या हव्या असतील तर दोनच होणार, ‘असू दे बाजूला’ म्हणून तिसरी कधी नाही. कुणाचं कुलूप उघडायला गेलो होतो हे घरात बायकोलाही सांगायचं नाही. बायको असेपर्यंत तिला याचा भारी राग यायचा. नवरा जिथं तासभर बसून आला तिथली बातमी तिला दूधवाल्याकडून कळायची, आणि नवरा समोर मिठाची गुळणी धरून बसलेला.

असा हा माणूस. आणि याच माणसानं अर्ध्या गावाच्या किल्ल्या जगापुढे मांडून ठेवल्या. वर रोज रात्री जेवताना किती जणांना आवडल्या ते मोजलं. आता याला काय म्हणावं!

त्याचं असं झालं, की दुकानासमोर एक उंच इमारत उभी राहिली आणि दुकान तिच्या पाठीमागे दडलं. जुनी गिऱ्हाइकं वाट काढून यायची, नवी चुकायची. काकांची धाकटी लेक ग्रंथालयात कामाला. ती म्हणाली, “बाबा, दुकानाचं एक पान उघडूया. नकाशावर दिसेल, लोक फोटो बघतील, येतील.” काकांनी नाक मुरडलं. लोखंडाचे कसले फोटो, म्हणाले. तरी तिनं त्यांनी घडवलेल्या एका पितळी किल्लीचा फोटो टाकला, आणि कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या किल्लीवाल्यानं त्याखाली लिहिलं, ‘हात आहे की यंत्र!’ झालं. आयुष्यभरात गिऱ्हाइकांनी काकांना ‘झाली का?’ आणि ‘किती झाले?’ याखेरीज काही विचारलं नव्हतं. काका विरघळले.

मग शिंपीबुवांकडून निळ्या मखमलीचा तुकडा आला. पांढऱ्या उजेडाचा दिवा आला. फोन किती जवळ धरला म्हणजे किल्लीचा दात न् दात सुटा दिसतो, हे काका शिकले. किल्लीचं सौंदर्य दातांत, ते धूसर दिसले तर फोटो काढलाच कशाला, असं त्यांचं म्हणणं. आणि जन्मभर न बोललेला माणूस लिहायला बसल्यावर मग काय विचारता! ‘आज शिंपीबुवांच्या पुढच्या दाराची किल्ली. टाकीच्या चौकात, निळं फाटक. बुवा उद्यापासून लेकीकडे मुक्कामाला चाललेत. बुवा, निश्चिंत जा!’ खाली लोक बदाम पाठवायचे. बुवांनी स्वतःही बदाम पाठवला होता.

धाकटीनं सुरुवातीचे चार फोटो बघितले, बाबांचा वेळ छान जातोय म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. पुढं काय चाललंय ते तिनं बघितलं नाही. याचा तिला नंतर फार त्रास झाला.

सिस्टर दुकानात आल्या तेव्हा काका कानस पुसत होते. मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिका त्या, या गावात नव्यानंच आलेल्या. त्यांच्या भाड्याच्या घराचं कुलूप काकांनीच बदलून दिलं होतं. तेव्हा काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, “किल्ली हातात धरून दारात उभ्या राहता का? दुकानाच्या पानावर फोटो टाकतो.” त्यावर सिस्टर इतक्या झटकन ‘नको’ म्हणाल्या होत्या, की काकांना कळलं, काहीतरी आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माणसाचं मन जाणण्याच्या बाबतीत आपण कमी नाही, असं त्या दिवशी त्यांना घरी जाताना वाटलं होतं.

आज सिस्टरनी नमस्कारही केला नाही. पर्समधून दोन किल्ल्या काढून काचेवर ठेवल्या. एकीला लाल लोकरीचा विणलेला मासा अडकवलेला होता.

“तिसरी कुठंय?”

“तिसरी कसली?”

“तुम्ही तिसरी केली असणार, काका. कुणाला दिलीत?”

काका आधी हसले. मग त्यांनी सिस्टरच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं.

सिस्टर बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच बोलल्या. “मी नवऱ्याला सोडून आलेय. बदली मागून घेतली, गाव बदललं, फोनचा नंबर बदलला. काल ड्यूटीवरून घरी आले. कुलूप जसंच्या तसं. आत सगळं जागच्या जागी. फक्त दाराजवळच्या माझ्या चपला... सगळ्या भिंतीला टाचा लावून एका ओळीत. माझा नवरा तशा लावतो. एखादी वाकडी दिसली की मला झोपेतून उठवून सरळ करायला लावायचा.”

“पोलिसांत गेलात?”

“गेले. कुलूप फुटलेलं नाही, काही चोरीला गेलेलं नाही. म्हणाले, दमलेल्या असाल, तुम्हीच लावल्या असतील.”

काकांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. “आणि म्हणून तुमचा संशय माझ्यावर?”

“किल्ली दोघांच्याच हातात होती. माझ्या आणि तुमच्या.”

“अहो, या धंद्यात केस पांढरे झाले माझे! किल्ली बिघडली तर कापून टाकतो मी. हे बघा डबे! हे बघा!” काका डबे उचलून दाखवायला लागले. सिस्टरनी डब्यांकडे बघितलं नाही.

“मी एकदा पळाले, काका. परत पळायची ताकद नाही माझ्यात. मला एक दार हवंय, मी लावलं की लागेल असं. बाकी काही नको. तेवढंच मागायला मी तुमच्याकडे आले होते.” किल्ल्या तशाच काचेवर सोडून त्या दाराकडे वळल्या. “सध्या रुग्णालयातच झोपते, परिचारिकांच्या खोलीत. आठवलं काही तर तिथं सांगा.”

काका घरी आले ते धुमसतच. चपला कुठं, पिशवी कुठं. धाकटी नुकतीच कामावरून आली होती. नियम मोडून पहिल्यांदाच काकांनी गिऱ्हाइकाची गोष्ट घरात सांगितली, कारण पोटात ठेवून ती जळायला लागली होती. “मला म्हणते, तिसरी कुणाला दिलीत! मला!”

धाकटी चहा गाळता गाळता थांबली. “मासा म्हणालात ना? लाल?” तिनं फोन काढला, दुकानाचं पान उघडलं आणि बोटानं वर सरकवत गेली. एकामागून एक किल्ल्या. निळ्या मखमलीवर, पांढऱ्या उजेडात. सरकवता सरकवता तिचा चेहरा उतरत गेला.

“बाबा, ही कोणाची?”

फोटोत माशासकट किल्ली होती. काका कुलूप बसवून हात धुवायला गेले, तेवढ्यात सिस्टरनी त्यांनी सोबत नेलेल्या मखमलीवरच्या किल्लीला मासा अडकवून ठेवला होता, आणि लाल-निळं फार झकास दिसत होतं म्हणून काकांनी पटकन फोटो काढला होता. खाली लिहिलं होतं, ‘रुग्णालयात नव्यानं आलेल्या सिस्टर. टाकीच्या चौकातून डावीकडे, पिवळी इमारत, वरचा मजला. नवं कुलूप, नवी सुरुवात!’ त्याखाली रुग्णालयातल्याच कुणा मैत्रिणीनं लिहिलं होतं, ‘अय्या, हा मासा तर ओळखीचा!’

“मी तिचा फोटो काढला नाही,” काका म्हणाले. “नको म्हणाली, नाही काढला. तोंड कुठं दिसतंय तिचं?”

“तोंड कशाला हवं? मासा आहे, घर आहे, कामाची जागा आहे. मैत्रीण तिच्या नवऱ्याच्याही ओळखीची असली, तर तिनं इथं लिहिल्याबरोबर हे सगळं आपोआप त्याच्यापुढे गेलं असणार. आणि घर सापडल्यावर उघडायला किल्लीही आहेच की. तुम्हीच दिलीत.”

“फोटोतून किल्ली होत नसते, बयो! उद्या म्हणशील फोटोतल्या चहानं तोंड भाजलं.”

“होत नसेल तर करून बघा.”

हे बोलणं काकांना लागलं. तिला खोटं पाडायचं म्हणूनच ते बसले, हे सांगायला हवं. ताईच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या दाराची किल्ली त्यांनी गेल्याच वर्षी करून दिली होती. ‘आमच्या ताईंचं घर’ म्हणून तिचाही फोटो पानावर होता. धाकटीनं तो मोठ्या पडद्यावर घेतला. काकांनी त्याच जातीची कोरी किल्ली पडद्याला लावून धरली आणि म्हणाले, “मोठं कर. अजून. थोडं कमी.” फोटोतल्या किल्लीचं डोकं हातातल्या डोक्याएवढं झालं, तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला. कारण डोकं मापात आलं की दातही मापात येतात, हे कळायला त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी पडद्यावर पातळ कागद ठेवला, पेन्सिलीनं दात उतरवून घेतले आणि दुकानात जाऊन कानशीला हात घातला.

ताईच्या दारापाशी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. किल्ली आत गेली. काकांनी मनातल्या मनात म्हटलं, फिरू नकोस. किल्ली लोण्यासारखी फिरली.

ताई डोळ्यांत औषध घालून आडवी पडली होती. “कोण?”

“मी.”

“अरे, बेल बिघडली का?”

“ताई, तुझ्या घराची किल्ली असते का माझ्याकडे?”

“तुझ्याकडे कशाला असेल? तू आईच्या घराचीसुद्धा कधी ठेवली नाहीस. आईनं काय काय सुनावलं होतं त्यावरून तुला.”

“मग मी आत कसा आलो?”

ताई ताडकन उठून बसली. औषध गालांवर ओघळलं, डोळे लालभडक. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग भावाच्या हाताकडे. आणि तोंडाळ म्हणून गावात नाव असलेली ताई उठली आणि तिनं आधी दाराला आतून कडी घातली. काका तिच्या पलंगाच्या कडेवर टेकले.

घरी येताच त्यांनी फोन हातात घेतला. “कुठं दाबायचं? सगळं पुसून टाक. आत्ता!”

धाकटीनं त्यांचा हात धरला. “थांबा. आधी सगळं आहे तसं उतरवून ठेवू, तारखांसकट, लोकांनी खाली लिहिलंय त्याच्यासकट. मग पुसू. सिस्टरना उद्या कुणाला दाखवावं लागलं तर? पुसल्यावर काय दाखवणार?”

तसंच केलं. उतरवून ठेवलं आणि मग पान बंद केलं. काकांना वाटलं, सुटलो. पण धाकटी काही पडद्यापुढून उठेना. तिनं दुकानाचं नाव टाकून शोधलं आणि एकेक दाखवत गेली. किल्लीवाल्यांच्या एका मंडळात काकांचे फोटो कौतुकानं पुन्हा लावलेले होते. कारागिरीच्या एका संकेतस्थळानं न विचारता सात-आठ उचलले होते. गिऱ्हाइकांनी आपापल्या पानांवर टाकले होते, ‘आमच्या घराची किल्ली, बघा किती सुंदर!’ म्हणून. कुणी दुकानाबद्दल चार चांगले शब्द लिहिताना आपला पूर्ण पत्ता दिला होता. धाकटीनं सगळ्यांना लिहिलं. मंडळानं लगेच काढले, संकेतस्थळानं उत्तरच दिलं नाही.

“म्हणजे माझं असून माझ्या हातात नाही?”

“आपण टाकलेलं आपण पुसू शकतो, बाबा. दुसऱ्यानं घेऊन ठेवलेलं नाही. आणि कुणी कुणी घेऊन ठेवलंय ते कळणारही नाही.”

फोटो परत बोलावता येत नसले तरी कुलपं तर आपल्या हातातली आहेत, हे काकांच्या डोक्यात आलं तेव्हा कुठं त्यांना जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी रुग्णालयात गेले. सिस्टरना बाकावर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. मासा, पत्ता, ताईचं दार, सगळं. आडपडदा ठेवला नाही, स्वतःची बाजू सावरली नाही. सिस्टर ऐकत होत्या आणि हातमोजे काढून त्यांची घडी घालत होत्या, पुन्हा उलगडत होत्या.

“मी माझं सगळं बंद केलं होतं,” शेवटी त्या म्हणाल्या. “सगळी खाती. जुने फोटो एकेक करून काढले, भावाच्या लग्नातलेसुद्धा काढायला लावले. आईला पत्ता फोनवर सांगितला नाही, समोर बसून सांगितला. तिनं येताना तो मासा विणून दिला, नव्या घराच्या किल्लीला म्हणून. माझ्या नवऱ्यासमोरच विणायची ती असले मासे, सगळ्या लेकीसुनांना दिलेत तिनं. एवढं सगळं केलं मी. आणि तुम्ही मासा दाखवलात.”

“चुकलो,” काका म्हणाले.

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “चुकलात.”

काकांना वाटलं होतं त्या रडतील किंवा ओरडतील. नुसतं ‘हो’ ऐकणं जास्त कठीण गेलं.

सिस्टरच्या दाराला त्यांनी नवं कुलूप बसवलं, दुकानातलं सगळ्यात भक्कम. किल्लीचे दात तिथंच, सिस्टरच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर कानशीनं घातले. जुन्या दोन्ही किल्ल्या करवतीनं कापल्या आणि तुकडे सिस्टरच्या हातात दिले, “तुमच्यासमोर कापल्या, तुमच्याकडेच ठेवा.” सिस्टरनी तुकडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकून झाकण लावलं. मासा त्यांनी किल्ली कापण्याआधीच सोडवून घेऊन फडताळात टाकला होता. त्यांनी आभार मानले नाहीत आणि काकांनीही तशी अपेक्षा केली नाही. त्या दिवसापासून त्या घरी झोपायला लागल्या, पण दारापुढं खुर्ची लावून.

मग काका एकेक दार करत निघाले. दुकानाला कुलूप आणि हत्यारांची पिशवी खांद्यावर. “मी तुमच्या किल्लीचा फोटो टाकला होता. टाकायला नको होता. कुलूप बदलून देतो, माझ्यातर्फे.” कुणी हसण्यावारी नेलं, कुणी शिव्यांची लाखोली वाहिली. एका बाईंनी कुलूप बदलून घेतलं आणि वर म्हणाल्या, यापुढे तुमच्याकडे येणार नाही. शिंपीबुवांची तऱ्हाच वेगळी. ते भडकले ते फोटो काढून टाकला म्हणून! “अहो, सुनेच्या माहेरी सगळ्यांना दाखवलाय मी तो!”

“बुवा, त्यात लिहिलं होतं तुम्ही घरी नाही म्हणून.”

“मग? नव्हतोच की!”

बुवांना समजावता समजावता काकांचा घसा सुकला. शेवटी त्यांनी खिशातून ताईच्या दाराची ती कागदावरून केलेली किल्ली काढली आणि ती कशी झाली ते सांगितलं. बुवांनी ती उलटसुलट करून बघितली आणि मुकाट्यानं बाजूला सरून दार मोकळं केलं. त्यानंतर काका प्रत्येक घरी ती किल्लीच आधी दाखवायला लागले. सगळी दारं झाल्यावर तिचेही दोन तुकडे झाले.

या सगळ्यात बरेच दिवस गेले. आणि एका दुपारी सिस्टरचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. “काका, मी ड्यूटीवरून आलेय. दारात उभी आहे. माझी किल्ली आत जात नाही. भोकात काहीतरी अडकलंय.”

काका आणि धाकटी दोघंही धावले. काकांनी गुडघ्यावर बसून भोकात टॉर्च मारला आणि त्यांना लोखंडाची तुटकी कड दिसली. कुणीतरी चुकीची किल्ली घातली होती. ती फिरली नाही, म्हणून जोर केला होता, आणि ती मोडली होती. त्यांनी बारीक चिमटा काढला. त्यांनी कोपर दाराला टेकवलं आणि कण-कण करत तुकडा बाहेर ओढला.

तळहातावर घेऊन त्यांनी तो उजेडात धरला. सिस्टर आणि धाकटी दोघीही वाकल्या.

“ही माझी किल्ली आहे,” काका म्हणाले. “म्हणजे माझी नाही. माझ्या फोटोतली. ही शेवटची खाच बघा. मी एवढी खोल कधीच घातली नव्हती. सिस्टर, ती बाटली आणा.”

सिस्टरनी बाटली आणली. काकांनी कापलेल्या जुन्या किल्लीचा दातांकडचा तुकडा शेजारी धरला. सगळे दात जुळत होते, फक्त शेवटची खाच नव्यात जास्त खोल होती. धाकटीनं फोनवर उतरवून ठेवलेला फोटो उघडला, आणि मग तिघांनाही दिसलं. माशाच्या शेपटीची सावली नेमकी त्या शेवटच्या खाचेवर पडली होती. फोटोत ती खाच खोल दिसत होती.

“खरी किल्ली हातात घेऊन कुणी केली असती, तर ही चूक झाली नसती,” काका म्हणाले. “ज्यानं केली, त्यानं फोटो बघूनच केली. जुनं कुलूप एवढा फरक सोसून घ्यायचं, दोन झटके दिले की उघडायचं. हे नाही उघडलं.”

सिस्टर जिन्याच्या पायरीवर बसल्या. पोलिसांनी मानलं नव्हतं तेव्हापासून त्यांचं त्यांनाही खरं वाटेनासं झालं होतं, हे त्यांनी त्या वेळी सांगितलं. चपला आपणच लावल्या की काय, असं मनात यायचं, म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या. धाकटी त्यांच्या शेजारी बसून राहिली.

पोलिस ठाण्यात या वेळी एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी तुकडा बघितला, बाटली बघितली, फोटो आणि त्याची तारीख बघितली, आणि सिस्टरना एकदाही ‘दमलेल्या असाल’ म्हणाल्या नाहीत. मग काकांकडे वळल्या. “काका, तुमचा जबाब लागेल. फोटो कुणी काढला, कुणी टाकला, पत्ता कुणी लिहिला, सगळं. हे पुढं कोर्टात वाचलं जाईल. गावात बोभाटा होईल. चालेल?”

घरोघर जाऊन चूक कबूल करणं वेगळं आणि सरकारी कागदावर सही करणं वेगळं. दुकानाची पाटी वडिलांच्या नावाची होती. काकांना ते दोन डबे आठवले. धाकटी काहीतरी बोलणार होती, पण काकांनी तिला हातानंच थांबवलं.

“लिहा,” ते म्हणाले. “फोटो मी काढला. तिनं नको म्हटल्यावर काढला. पत्ताही मीच लिहिला.”

उरलेला तुकडा सापडायला फार वेळ लागला नाही. नवऱ्याच्या गाडीत, पायाखालच्या जाजमाखाली होता. मोडलेली किल्ली फेकून द्यायचंही त्या माणसाला सुचलं नव्हतं. असले लोक दुसऱ्याच्या चपला बघत बसतात, स्वतःच्या पायाखाली बघत नाहीत.

ओळख पटवायला काकांना आणि सिस्टरना पुन्हा ठाण्यात बोलावलं. अधिकारीबाईंनी दोन्ही तुकडे टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवले आणि काकांनी बोटानं ते एकमेकांकडे सरकवले. मोडलेली कड मोडलेल्या कडेत बसली. किल्ली अखंड झाली, दात न् दात सुटा.

“छान. असंच राहू दे,” अधिकारीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढायला फोन उचलला.

काकांचा हात त्यांच्याही नकळत पुढं गेला आणि किल्लीवर पालथा पडला.

“काका, पुराव्यासाठी लागतो फोटो,” बाई म्हणाल्या.

काकांना कळत होतं, पण हात उचलवत नव्हता. मग सिस्टर पुढं आल्या आणि त्यांनी काकांच्या मनगटाला हळूच धरलं.

“काढू द्या, काका. आता त्यानं काहीच उघडत नाही.”

काकांनी हात काढला. फोटो निघेपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सिस्टरनी विचारलं, “मी जाऊ? मला घरी जायचंय,” आणि पर्समधून आपली किल्ली काढली. ती त्यांनी मुठीत घट्ट धरली होती, एकही दात दिसत नव्हता. मुठीबाहेर फक्त लाल मासा लोंबत होता.